तांबडमाळावरची पांढरी रेघ

तर टेप आणली. काल इथवर आलो होतो आपण, तेवढ्यात घरातून जेवायची हाक आली आणि सगळा सामना मैदानातच उभा राहिला.

फुटबॉलची फायनल, कोल्हापुरातली, दोन पेठांच्या तालमींच्या संघांची, म्हणजे निम्मं शहर या अंगाला आणि निम्मं त्या अंगाला. सामना संपायला सात मिनिटं, गोल बरोबरीत, आणि पंचानं पेनल्टी दिली. ज्यांच्यावर दिली त्यांच्या गॅलरीत एकच कालवा उठला, की चेंडू ठेवायचा ठिपकाच जवळ आखलाय, आखणाऱ्याला समोरच्यांनी चहा पाजलाय. पंच नवखा. त्यानं आखणाऱ्याला मैदानात बोलावलं. गडी अनवाणी चालत आला, गुडघ्यापर्यंत रेघा मारायच्या फक्कीनं पांढरा झालेला. पंचानं टेपचं एक टोक गोलच्या रेघेवर धरलं, दुसरं ठिपक्यावर. बारा यार्ड. इंच इकडं नाही की इंच तिकडं नाही. पंचानं विचारलं, मघाशी आखताना कुठली टेप घेतली होती? तर हा म्हणाला, टेप कशाला, चौदा पावलं आणि वर एक फूट. दोन्ही गॅलऱ्या उठून उभ्या राहिल्या. मग पेनल्टी मारणाऱ्यानं चेंडू गोलवरनं थेट मोटारसायकली लावल्या होत्या तिथं घातला, पण त्याला आखणारा काय करणार?

तो आखणारा म्हणजे आमचा अल्ताफ. अल्ताफ गवंडी. माझ्या नि त्याच्या घरात एक भिंत, तीही त्याच्या बापानंच बांधलेली. बाप अल्लाउद्दीन गवंडी; गावातली निम्मी जोती त्याच्या हातची. पुढं गुडघे गेले, तसा तो कोल्हापुरात मैदानं सपाट करायच्या आणि आखायच्या कामाला लागला आणि नऊ वर्षांच्या पोराला हाताशी घेऊन गेला. त्या मे महिन्यात मी डोळ्यांनी बघितलंय: अंगणात पोराच्या दोन पायांना तीस इंचाची सुतळी बांधलेली, आणि बाप बाजेवर बसून सांगतोय, चल. सकाळपासनं दुपारपर्यंत चल. सुतळी ताणली पाहिजे पण तुटता कामा नये. महिनाभरानं सुतळी सोडली. पाऊल मात्र तेवढंच राहिलं ते आज साठी उलटली तरी. अडीच फूट. चढ असो, उतार असो, मिरवणूक असो की मयत असो, अल्ताफचं पाऊल अडीच फूट.

त्याची बायको फातिमा म्हणते, ह्यांना बाजारला धाडलं तर भाजी विसरून येत्यात, पण बाजार किती फूट लांब भरला हुता ते बिनचूक सांगत्यात. माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात मांडववाल्याशी माझं भांडण लागता लागता राहिलं ते ह्याच्यामुळंच. मांडव बघून हा माझ्या कानात म्हणाला, आण्णा, अकरा फूट कमी घातलाय. मोजला, तर अकरा. हां, ते राहू दे. मला सांगायचंय ते माळाचं.

आमच्या गावाच्या मागं तांबडमाळ आहे. मोठा डोंगर नाही. जोतिबाचा डोंगर समोर उभा असताना आमच्या माळाला डोंगर म्हणणं म्हणजे रेडकाला हत्ती म्हणणं. तांबड्या मुरमाचा, गावाकडं तोंड करून निजलेला उतार. गायरान. गावची जनावरं तिथं चरतात, बेंदराच्या सणाला बैल वर नेऊन ओवाळायचे ते तिथंच, आणि पायथ्याच्या खडकातनं एक झरा वाहतो, जो उन्हाळ्यातही आटत नाही. गावाच्या पिण्याच्या विहिरीला पाणी त्याचं.

मागच्या दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक पावणं आले. इस्त्रीची कापडं, गोड बोलणं. रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे होता. बदल्यात मारुतीच्या देवळापुढं पत्र्याचा नाही, चांगला सिमेंटचा सभामंडप बांधून देणार. त्यांनी कागद वाचला: क्षेत्र चार हेक्टर, सरासरी खोली सहा मीटर, मुरूम अंदाजे चौऱ्याऐंशी हजार ब्रास. कुणाला काही शंका?

आता इथं आमची अक्कल कशी चालली ते ऐका. आमच्यात खोली म्हटलं की विहीर आठवते, आणि विहीर आम्ही पुरुसानं मोजतो. माणसाच्या उंचीचं माप ते. आकाराम उठला. आकाराम म्हणजे देवळाचा कारभारी, सभामंडपाचं सपान गेली वीस वर्षं बघतोय. त्यानं हिशेब केला की सहा मीटर म्हणजे चार पुरुस. म्हणाला, "गावात एक हीर दावा चार पुरुसापेक्षा उथळ. आन् ह्या खड्ड्याला भ्यायचं?" सभा हसली. आम्हाला सगळ्यांना डोळ्यांपुढं एक विहीर दिसली, चार पुरुस खोल, कडेला माळ जसाच्या तसा. हेक्टर नावाचा शब्द कानावरनं गेला, डोक्यात शिरलाच नाही. सरपंच विजयसिंह म्हणाला, हात वर करा. सगळ्यांनी केले. मी केला. मी सातवी पास, पावकी-निमकी अजून तोंडपाठ, तरी केला. अल्ताफनंही केला.

एकच हात खाली राहिला, झुंबरबाईचा. एकटी बाई, अठरा शेरडं, आणि शेरडांना चरायला तांबडमाळ. त्यावरच तिचं पोट. विजयसिंहनं विचारलं, काकी, तुमचा हात? ती म्हणाली, "मला हेक्टर कळत न्हाय. जे कळत न्हाय त्येला हात कशाला वर करू?" तिच्यावरही सभा हसली.

दुसऱ्या दिवशी ती अल्ताफच्या दारात आली. मी तिथंच कट्ट्यावर होतो. तिनं त्याला सरळ विचारलं, तू जलमभर जमीन मोजतोस, मला सांग, चार हेक्टर म्हंजी माझ्या माळाचं किती? आणि माझी शेरडं उरल्याल्या जाग्यात मावतील का?

 अल्ताफला हेक्टर माहीत नव्हता अशातली गत नाही. मैदानाच्या कागदांवर असतो की. पण तो शब्द नि तो माळ यांची गाठ त्यानं सभेत घालूनच बघितली नव्हती. तो उठला, चपला काढल्या आणि माळावर गेला. दीड तासानं आला तेव्हा चेहरा उतरलेला. माझ्या शेजारी बसला आणि हळू म्हणाला, "सहा ग्राउंडं, आण्णा. सहा ग्राउंडं आन् वर गोलकीपरला सराव करायला जागा. म्या हात वर केलाय त्येला."

त्या दिवसापासनं त्याच्या मागं एकच गोष्ट लागली, वर केलेला हात खाली घ्यायचा. ठरावाची कागदं तालुक्याला होती, काम फेब्रुवारीत निघायचं होतं, आणि मधी एकच ग्रामसभा होती, सव्वीस जानेवारीची. तोवर गावाला उमगलं तर माळ राहणार, नाहीतर नाही.

पहिला उपाय माझा, आणि तो फसला, हे मी आधीच सांगून टाकतो. मी म्हटलं आकडा सोपा करू. एक ब्रास म्हणजे ट्रॅक्टरची एक भरलेली ट्रॉली, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. तेव्हा चौऱ्याऐंशी हजार ट्रॉल्या. ट्रॅक्टर धरून एक ट्रॉली पंचवीस फूट. एकापुढं एक उभ्या केल्या तर? दूध संघाच्या पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला, तीनदा ताळा केला. कोल्हापुरातनं निघालेली रांग मुंबईला जाऊन माघारी साताऱ्यापर्यंत येते. माझीच छाती फुगली. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला सगळं गाव जमतं, तिथं मी हे मोठ्यानं सांगितलं. आकाराम किटली खाली ठेवत म्हणाला, "रांग साताऱ्याला ऱ्हाऊ दे की. आपल्याला तिकडं काय काम हाय?" झालं. सगळे हसले आणि आपापलं दूध घालून गेले. त्यांचंही खरंच होतं. मुंबईच्या रस्त्यावरची रांग डेअरीच्या दारातनं कुणाला दिसणार?

मग अल्ताफनं जोंधळ्याचं काढलं. म्हणाला, एक दाणा म्हणजे एक ट्रॉली, आणि चौऱ्याऐंशी हजार दाणे लोकांपुढं ओतू. रांग दिसत नाही, ढीग तरी दिसेल. एवढे दाणे मोजायचे कसे? तर मी, तो आणि झुंबरबाई, तिघांनी बसून एक हजार मोजले. झुंबरबाई दर शंभराला एक दाणा तोंडात टाकत होती, त्यामुळं पुन्हा पहिल्यापासनं मोजले. तराजूत तेहतीस ग्रॅम भरले. मग तेवढ्याच हिशेबानं चौऱ्याऐंशी हजारांचं वजन काढलं आणि फातिमाच्या डब्यातला जोंधळा तोलून एका पोत्यात भरला. पोतं कसलं, पोत्याचा तळ. पावणेतीन किलो आणि वर मूठभर.  पण सांगून बसलो होतो, तेव्हा डेअरीवर नेऊन ओतला.

एवढासा ढीग. एक टोपलं भरेल न भरेल.

आकारामनं त्यात हात घातला, दाणे बोटांतनं सांडू दिले आणि विचारलं, हाच का तो माळ? दोन दिवसांच्या भाकरी न्हाईत ह्यात. सरपंच विजयसिंह बुलेटवर टेकून उभा होता, तोही हसला. म्हणाला, अल्ताफभाई, तुम्हीच दाखवलंत की किती किरकोळ काम आहे ते. आता ह्या जोंधळ्याची आंबील करा.

त्या दिवशी अल्ताफ घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. फातिमानं जोंधळा निवडून परत डब्यात भरला. मी गेलो तर म्हणाला, जोंधळ्यानं फशिवलं आण्णा, आधी व्हतं त्यापरीस गाव उलट्या अंगाला गेलं. आणि ते खरंच होतं. पूर्वी लोकांना माळाची थोडी तरी धाकधूक होती. आता ती एका टोपल्यात मावली होती.

पुढचे पंधरा-वीस दिवस तो शहरात. फुटबॉलचे सामने सुरू झाले होते. मला वाटलं, सोडून दिलं ह्यानं. झुंबरबाईही माळावर शेरडांमागं फिरताना माळाकडं अशी बघायची, जशी लग्न ठरलेल्या लेकीकडं आई बघते.

मग जानेवारीच्या बावीस-तेवीस तारखेला हा टेम्पो घेऊन आला. टेम्पोत सात पोती फक्की, म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड. आदल्या साली मैदानावर जी फक्की शिल्लक राहिली ती त्यानं मागून आणली होती. मी विचारलं, आता काय दाण्याऐवजी पूड ओततोस? तर म्हणाला, "बारीक करून दावलं की मानूस हसतंय, आण्णा. लांबचं दावलं की इसरतंय. हाय तेवढंच, हाय तिथंच दावाय पायजे."

चोवीस तारखेची सकाळ मला मरेपर्यंत विसरायची नाही.

सूर्य नुकताच वर आला होता. डेअरीवर दूध घालायला रांग लागलेली. डेअरीच्या दारातनं तांबडमाळ समोर दिसतो, मघाशी म्हटलं तसा गावाकडं तोंड करून. कुणीतरी म्हणालं, माळावर काय चाललंय बघा. बघतो तर तांबड्या उतारावर एक पांढरी रेघ उमटत चालली होती. खालच्या अंगाला सुरू झालेली, डावीकडनं उजवीकडं. रेघेच्या टोकाला एक ठिपका हलत होता, तो अल्ताफ. मैदानावर त्याची रेघ पाच बोटं रुंद असते. ही हातभर होती, गावातनं दिसावी म्हणून.

पोरं म्हणाली, ग्राउंड आखतायत, सामने घेणार असतील. मग सगळ्यांनाच त्यात गंमत वाटायला लागली. रेघ बोरीच्या झुडपापर्यंत आली. एकजण म्हणाला, आता वळंल. वळली नाही. दुसरा म्हणाला, त्या धोंड्यापाशी वळंल. धोंडा गेला, रेघ चाललीच. लोकांनी किटल्या खाली ठेवल्या. दूध मोजणारा काटा सोडून बाहेर आला. कुणी म्हणालं, अरं कुठं निघालाय ह्यो, पन्हाळ्याला? रेघ पार ओघळीपर्यंत गेली तेव्हा कुठं वळली आणि वर चढायला लागली.

 रेघ वर चढत होती आणि आमच्या ओळखीची एक एक जागा तिच्या आत जात होती. म्हसोबाचा शेंदरी दगड आत गेला. जनावरांना पाणी पाजायचं डबकं आत गेलं. ज्या आंब्याखाली गुराखी जेवतात तो आंबा आत गेला. मी विजयसिंहकडं बघितलं. तो बुलेटवरनं उतरला होता. बेंदराला बैल ओवाळायची सपाट जागा माळाच्या वरच्या अंगाला आहे, आणि त्याच्या घरची बैलजोडी मानाची. तो त्या जागेकडं डोळे लावून उभा होता. रेघ तिच्या खालनं वळेल असं त्याला वाटत असावं. रेघ तिच्या वरनं गेली.

माझ्या शेजारी कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, म्हंजी ह्ये सगळं?

तोवर अल्ताफची चौथी बाजू खाली उतरत होती. साडेदहा वाजले असतील जेव्हा शेवटची रेघ पहिल्या रेघेला येऊन मिळाली. दोनशे मीटर लांब, दोनशे रुंद, काटकोनात, एवढ्या उतारावर. माळाच्या पोटावर पांढरी चौकट पडली आणि चौकटीबाहेर माळ म्हणून उरली ती धोतराच्या काठाएवढी पट्टी. त्या दिवशी दूध संघाची गाडी तासभर उशिरा गेली. आकाराम दूध घालायचं विसरून सगळा वेळ माळाकडं बघत उभा होता. 

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण अल्ताफ बापाचा लेक. पंचवीस तारखेला त्यानं गवंड्याची नळी काढली. पाणी भरलेली पारदर्शक नळी असते ती. दोन टोकं कितीही लांब धरा, पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला उभं राहतं. एक टोक त्यानं धरलं, दुसरं झुंबरबाईनं, आणि शेरडं मधल्या नळीवरनं उड्या मारत होती. चौकटीच्या खालच्या कडेपासून तो सहा मीटर खाली उतरत गेला, पायरीपायरीनं, प्रत्येक पायरीला नळी लावून. खड्ड्याचा तळ जिथं येणार ती पातळी त्यानं धरली आणि खुंट्या मारत, दोरी ताणत झऱ्यापर्यंत नेली. तिथं खडकावर चुन्यानं आडवी रेघ ओढली. मी बघायला गेलो होतो. मला वाटलं, रेघ झऱ्याच्या बरीच वर येईल. ती खाली आली. झऱ्याचं पाणी माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर खडकातनं निघतं, आणि रेघ होती गुडघ्याला.

झुंबरबाई रेघेकडं बघत म्हणाली, "मंग पानी हिकडं कशापायी यील? खाली खड्डा असताना वर चढाय ते काय शेरडू हाय?"

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. पावणं आले होते. ह्या वेळी त्यांनी नकाशा आणला होता, रंगीत, चकचकीत, फळ्यावर लावलेला. त्यात आमचं गाव, रस्ते, ओढा, सगळं होतं, आणि तांबडमाळ एका बोटाच्या नखाएवढा हिरवा चौकोन. पावण्यांनी त्यावर पेन ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. झुंबरबाई उठली. शेरडं घरी बांधून, नवं लुगडं नेसून आली होती. म्हणाली, पावणं, तुमचा माळ लई बारका हाय, आमचा मोठा हाय, चला दावते. आणि सरळ चालायला लागली.  मग आकाराम उठला, त्याच्या मागं बायका उठल्या, आणि बघता बघता सगळी ग्रामसभा माळाच्या वाटेला लागली. ग्रामसेवक वही काखेत मारून मागनं पळत होता. ज्यांना माळ चढवत नाही अशी आम्ही चार म्हातारी ट्रॉलीत बसून गेलो, त्याच एका ब्रासाच्या ट्रॉलीत.

अल्ताफनं काही भाषण केलं नाही. त्याला करताही येत नाही. त्यानं लोकांना एवढंच सांगितलं, की रेघेवरनं एक फेरी मारा. चौकट आठशे मीटरची. लोक चालायला लागले. निम्म्या वाटेवर बायका धापा टाकत बसल्या, पोरं पुढं पळाली, पावण्यांचे बूट मुरमानं लाल झाले. फेरी पुरी व्हायला पंधरा-वीस मिनिटं गेली. तेवढ्यात चार हेक्टर प्रत्येकाच्या पिंढरीत उतरले. मग त्यानं सगळ्यांना खाली झऱ्यापाशी आणलं आणि खुंट्यांवरनं आलेली दोरी दाखवली. वर चौकट, मधी दोरी, इथं रेघ, आणि रेघेच्या वर पाणी.

पावण्यांबरोबर एक तरुण इंजिनिअर होता. त्यानं वाकून दोरी बघितली, मोबाइलवर काहीतरी लावून बघितलं, मग पावण्यांच्या कानात बोलला. पण झऱ्यापाशी खडकामुळं आवाज घुमतो, त्यामुळं आम्हा सगळ्यांनाच ऐकू गेलं. लेव्हल बरोबर आहे साहेब, असं म्हणाला तो. भला माणूस. त्याला पुढं चहा पाजल्याशिवाय सोडला नाही आम्ही.

पावणं सभामंडपाचं बोलायला लागले, दोन वाढीव कमानींचं. सगळ्यांच्या नजरा आकारामकडं गेल्या, कारण मंडपाचा ध्यास त्याचा. आकाराम झऱ्याखाली ओंजळ धरून पाणी प्याला, ओल्या हातानं मिशा पुसल्या आणि म्हणाला, "मारुती उन्हात बसंल, त्याचं काय न्हाय, डोंगर उचलल्याला गडी हाय त्यो. पन सकाळी त्येला आंघुळ कशानं घालू, पावणं?"

विजयसिंहनं तिथंच, झऱ्यापाशी, ठराव रद्द करायचा ठराव वाचला. खरं म्हणजे वाचला नाही, ग्रामसेवकाच्या वहीत आधी लिहून घेतला. मग म्हणाला, हात वर करा. मी आयुष्यात पुष्कळ सभा बघितल्या, पण असे हात नाही बघितले. पोरांचेही वर गेले, ते वजा करायला ग्रामसेवकाला घाम फुटला. आकारामनं दोन्ही हात वर केले. सरपंच म्हणाला, तात्या, एका माणसाचा एक हात. तो म्हणाला, एक आजचा हाय, दुसरा दोन ऑक्टोबरचा माघारी घेतोय. त्यावर सभा जी हसली, ती आता कुणा एकट्यावर हसत नव्हती. झुंबरबाईचा हात सगळ्यात आधी वर गेला होता आणि सगळ्यात शेवटी खाली आला. कुणीतरी तिला विचारलं, काय काकी, आता हेक्टर कळला? ती म्हणाली, पायाला कळला.

पावण्यांनी नकाशा गुंडाळला. जाताना त्यांनी अल्ताफला विचारलं, तुमचं शिक्षण किती? अल्ताफ म्हणाला, तीस इंच. पावण्यांना काही उमगलं नाही, पण आम्हाला उमगलं.

संध्याकाळी चावडीपुढं हलगी वाजली. फातिमानं आणि इतर बायकांनी मिळून सगळ्या गावाला शिरा वाढला. आकारामनं अल्ताफला फेटा बांधला, तो त्याच्या डोक्यावर टिकेना म्हणून पुन्हा बांधला. विजयसिंह आधी जरा खाली मान घालून होता. मग अल्ताफजवळ येऊन बसला. पहिल्या ठरावाला हात वर करा म्हणणारा तोच, त्यामुळं त्याला वाटत होतं की झालं गेलं आता डोळ्यांआड व्हावं. म्हणाला, अल्ताफभाई, ठराव झाला, माळ राहिला, आता तेवढी रेघ पुसून टाका की. रस्त्यानं जाणारं येणारं थांबून विचारतंय, कसले सामने हाईत तुमच्यात? अल्ताफनं शिऱ्याची प्लेट खाली ठेवली, डोक्यावरचा फेटा एका हातानं सावरला, आणि माळाकडं बघत म्हणाला:

"पुसायचं काम माझं न्हवं, सरपंच. माझं काम आखायचं. उद्याधरनं गावच्या म्हशी सोडा तिथं चरायला, आठ दिसांत रेघ कुठं हुती ती तुमास्नी घावायची न्हाय."